बार्शी लाईटची इंग्लंडातली धाकटी बहीण, १:७६ मध्ये

बार्शीकर_डर्बीत

गेली चार वर्षं इथल्या छपाईखोलीत (म्हणजे घरातली ती लहान खोली, जिथे प्रिंटर आणि इस्त्रीचं टेबल असतं) एक उद्योग चाललाय. बायको त्याला 'तुझी आगगाडी' म्हणते. फोटो टाकायच्या आधी ही लाईन कुठली आणि हीच का, ते सांगतो.

लाईन आहे लीक अँड मॅनिफोल्ड. स्टॅफर्डशायरमध्ये वॉटरहाउसेस ते ह्यूम एंड, सव्वाआठ मैल. २७ जून १९०४ ला सुरू झाली, मार्च १९३४ मध्ये बंद पडली. पुरती तीस वर्षंही नाही. आता तिथे डांबरी पायवाट आहे. डर्बीत आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात ऑफिसातल्या मित्राने सायकल चालवायला नेलं. वाटेत एका फलकावर लिहिलेलं, गेज (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) अडीच फूट, इंजिनियर ई. आर. कॅल्थ्रॉप. मी सायकल आडवी टाकून तो फलक तीनदा वाचला.

बार्शीच्या माणसाला कॅल्थ्रॉप सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. हा माणूस जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत नोकरीला होता. पुढे त्याने बार्शी लाईट ही छोटी रेल्वे काढली. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी धावली, १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज. त्याच १९२७ मध्ये तो वारला. त्याचं सगळं गणित एका गोष्टीवर उभं होतं. इंजिन असो, डबा असो की वाघीण (मालडबा), कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही. म्हणजे हलके रूळ चालतात आणि तरी गाडी भरपूर माल ओढते. हे गणित आपल्याकडे जमल्यावर तेच इंग्लंडात चालवायचं म्हणून ही मॅनिफोल्डची लाईन. इंजिनं दोन्हीकडची एकाच कारखान्यातली, लीड्सच्या किटसनची. म्हणजे थोरली बार्शीची, धाकटी इथली. एरवी सगळं विलायतेहून आपल्याकडे आलं असं ऐकत मोठे झालो, इथे वाट उलटी आहे.

आता मॉडेलकडे. प्रमाण १:७६ (नेमकं ७६.२), इथे त्याला फोर मिलिमीटर म्हणतात, कारण खऱ्या एका फुटाला मॉडेलवर चार मिलिमीटर. रूळ ९ मिलिमीटरचे. या जोडीला डबल-ओ-नाईन म्हणतात. सव्वाआठ मैल या मापात आणले तर १७४ मीटर होतात आणि माझी फळी आहे १२० बाय ३८ सेंटीमीटर. त्यामुळे पहिला प्रश्न काय बनवायचं हा नव्हताच, काय गाळायचं हा होता.

आणि इथेच ही लाईन माझ्यासारख्याला पावते. ही जाते नदीच्या खोऱ्यातून, तळातून. गावं सगळी वर डोंगरावर. स्टेशनला नाव ग्रिंडनचं, पण ग्रिंडन बघायचं तर चढण चढून छाती फुटते. लाईन बुडायचं हे एक मोठं कारण, लोकांच्या दारात मोटार आल्यावर खाली नदीपर्यंत कोण उतरणार? पण मॉडेल करणाऱ्याला याहून चांगलं काय हवं! गाव दाखवायचंच नाही. एक टपरीएवढं स्टेशन, मागे हिरवी चढण, पुढे नदी. जागा नाही म्हणून गाव कापलं, असं कोणी म्हणू शकत नाही. खरोखर तिथे गाव नव्हतंच. आणि अख्ख्या लाईनीवर इंजिनं दोन, डबे चार. म्हणजे एका खोक्यात पूर्ण रेल्वे कंपनी मावते.

मी घेतलंय एक्टन. उजवीकडे दुधाची डेअरी आणि तिची सायडिंग (बाजूचा रूळ), मागे जुन्या तांब्याच्या खाणीचा ढिगारा आणि डावीकडे स्वेन्सलीचा बोगदा. खरा बोगदा तिथून जरा लांब आहे, मी ओढून जवळ आणलाय. एवढी लबाडी चालवून घ्या.

बोगद्याची गोष्ट मजेशीर आहे. स्वेन्सली हॉलचे मालक सर थॉमस वॉर्डल, लीकचे रेशीम रंगवणारे. आपल्याकडच्या टसरवर यांनीच बरंच काम केलंय. गाडी हवी, पण ती हवेलीच्या खिडकीतून दिसायला नको, म्हणून हा बोगदा काढला असं सांगतात. आता मॉडेलवाल्यांना फळीच्या टोकाला गाडी कुठेतरी गुप्त करावीच लागते. कोणी पूल आडवा टाकतो, कोणी झाडी. माझं काम वॉर्डलसाहेबांनी शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवलंय.

फोटो खाली डकवतोय. डब्यांच्या रंगावर बोलू नका, तो वेगळा विषय आहे.

---

ऊस_आणि_इतर

डब्यांच्या रंगावर बोलू नका म्हणालात म्हणून बोलतो. आम्रखंड सांडलंय का?

---

बार्शीकर_डर्बीत

वाटलंच होतं. खरे डबे फिक्या पिवळ्या रंगाचे होते, इथे प्रिमरोझ नावाचं फूल असतं त्या रंगाचे. मी रंग घोटला रात्री, पिवळ्या बल्बखाली. तेव्हा तो अगदी बरोबर वाटला. सकाळी खिडकीपाशी नेला तर आम्रखंड. आता पांढरा घालून पुन्हा केलाय, पण पहिला हात खालून डोकावतो. नवशिक्यांनो, रंग दिवसाच्या उजेडात मिसळा.

---

सांधेवाला

धागा वाचून फार बरं वाटलं. मी कुर्डुवाडीला नोकरी केली, वडीलही तिथेच होते. नावावरून ओळखलंच असशील काय काम करत होतो.

कुर्डुवाडीत मोठी लाईन आणि छोटी लाईन शेजारी उभी राहायची. मोठ्या वाघिणीतून पोती काढायची, फलाटावरून ओढायची, छोट्या वाघिणीत टाकायची. हमालांच्या पाठीवर मिरचीची पोती आली की अख्खं यार्ड शिंकायचं. एक मोठी वाघीण रिकामी करायला किती वेळ जायचा ते विचारू नकोस. त्यातली काही मिरची वाटेत कोणाच्या धोतरात जायची तेही विचारू नकोस.

तुझ्या त्या विलायती लाईनीवर हे काम कसं करत होते? डेअरीचं दूध फलाटावर उतरवून पुन्हा चढवायचं म्हणजे उन्हाळ्यात नासायचंच की.

आणि बाकी मंडळींसाठी, आपली बार्शी लाईट अडीच फुटांची होती. माथेरानची दोन फुटांची. सगळ्या छोट्या गाड्या एकच समजू नयेत.

---

बार्शीकर_डर्बीत

काका, तुम्ही बरोब्बर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. या लाईनीची खरी करामत तीच आहे, आणि माझी चारातली दोन वर्षं तिनेच खाल्ली.

कॅल्थ्रॉपने इथे माल उतरवायची भानगडच ठेवली नाही. त्याने केली वाघीण वाहणारी वाघीण. एक लांब, बुटकी, लोखंडी चौकट. चाकं छोट्या गेजची, पण वर पाठीवर मोठ्या गेजचे रूळ. वॉटरहाउसेसला मोठ्या लाईनची भरलेली वाघीण ढकलायची ती थेट या चौकटीवर. चाकं जखडायची की निघाली गाडी. मोठी वाघीण छोटीच्या खांद्यावर, मारुतीच्या पाठीवर डोंगर तशी. स्टेशनात पोचल्यावर तिथे मोठ्या गेजच्या रुळांचा एक आखूड तुकडा टाकलेला असे, त्यावर वाघीण उतरवायची आणि रिकामी चौकट घेऊन पुढे जायचं. म्हणजे खोऱ्यात मोठी लाईन कुठेच पोचत नाही, पण मोठ्या लाईनच्या वाघिणी मात्र डेअरीच्या दारात उभ्या!

मला नेहमी वाटतं, कुर्डुवाडीचे हमाल आणि ती पोती त्याच्या डोळ्यांपुढे असणार. याला पुरावा माझ्याकडे नाही, मन सांगतं एवढंच.

मॉडेलमध्ये याचा अर्थ असा की एकाच फळीवर दोन गेज. ९ मिलिमीटरचा रूळ मुख्य, आणि डेअरीपाशी १६.५ मिलिमीटरचा दीड वीत तुकडा. बघणारे विचारतात, हा रूळ कुठेच जोडलेला नाही, विसरलात का? मग मी चौकट आणून लावतो आणि बोटाने वाघीण उतरवतो. मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. मोठ्यांचेही.

---

खडूस_मोजपट्टी

छान चाललंय, पण मापाचं खोटं आधीच सांगून टाका. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. भागिले ७६.२, बरोबर १० मिलिमीटर. तुम्ही वापरलाय ९. म्हणजे तुमची लाईन अडीच फुटी नाही, सव्वादोन फुटी आहे.

मोठ्या गेजचं तर त्याहून वाईट. १४३५ भागिले ७६.२ म्हणजे १८.८३. तुम्ही लावलाय १६.५. खऱ्यात तो चार फूट दीड इंच होतो. सात इंच गिळलेत.

---

बार्शीकर_डर्बीत

गिळले, मान्य. पण ते मी नाही, माझ्या आज्याच्या पिढीतल्या विलायती लोकांनी गिळले. ब्रिटिश इंजिनं अंगाने बारीक, कारण तिथले जुने पूल आणि बोगदे अरुंद. युरोपातलं १:८७ प्रमाण घेतलं तर तेव्हाच्या मोटारी त्या बारीक इंजिनाच्या पोटात मावेनात. मग काय, रूळ तोच १६.५ चा ठेवला आणि वरचं शरीर फुगवून १:७६ केलं. जुगाड कायमचा झाला. त्यांच्या एन गेजचं (आणखी लहान मॉडेलांचं) तेच, बाकी जग १:१६० आणि हे १:१४८. ज्यांना हे सहन होत नाही ते स्वतः १८.८३ चे रूळ हाताने बनवतात, एकेक खुर्ची (रूळ धरणारी बैठक) चिकटवून. त्यांना माझा दंडवत. माझे डोळे आणि माझं लग्न, दोन्ही मला टिकवायचंय.

---

खडूस_मोजपट्टी

हाहा, ठीक. पण एक गंमत सांगतो. हेच ७६२ जर ८७ ने भागलं तर ८.७६ येतं. म्हणजे ९ च्या रुळावर अडीच फुटी लाईन करायची तर १:८७ जवळजवळ अचूक. बार्शी लाईट करायची असेल तर त्याच प्रमाणात करा, मी एक शब्द बोलणार नाही.

---

काळाराम_चौक

मला एक कळत नाही. घरची बार्शी लाईट सोडून इंग्रजांच्या लाईनचं मॉडेल कशाला? त्यांची माणसं त्यांचं जपायला समर्थ आहेत की. आपलं कोण करणार?

---

बार्शीकर_डर्बीत

प्रश्न रास्त आहे, राग नाही. खरं सांगू का, पहिला कागद मी बार्शी स्टेशनचाच काढला होता. कुठे अडलो? आठवणीत. आजोबा पंढरीला गाडीच्या टपावर बसून गेलेले, मला ठाऊक आहे टपावर किती माणसं होती, उतरून चालत्या गाडीबरोबर लघवी करून परत चढता यायचं हेही ठाऊक आहे. पण शेडच्या खिडकीला तावदानं किती, पाण्याच्या टाकीचे पाय किती उंच, ते ठाऊक नाही. मॉडेलला नेमकं तेच लागतं. इकडच्या लाईनीच्या प्रत्येक खांबाचा फोटो कोणीतरी काढून ठेवलाय, नकाशा आहे, डब्याचं मापाचं चित्र आहे. ह्यूम एंडचं तिकीटघर अजून उभं आहे, मी स्वतः टेप लावून मोजलं. लोकांनी वेडा ठरवलं नाही, उलट एका आजोबांनी टेपचं दुसरं टोक धरलं.

शिवाय ही करताना हात बसतोय. इंजिन १:७६ मध्ये बिघडवलं तर एक इंजिन बिघडलं. बार्शीचं बिघडवलं तर मला झोप लागणार नाही.

---

सांधेवाला

टाकीचे पाय मी सांगतो. कागद पेन्सिल घे आणि फोन कर. माझ्याजवळ दोन जुने फोटोही आहेत, यार्डातले. व्यक्तिगत निरोपात नंबर देतो.

---

पेठेतली_मनू

मुलगा दहा वर्षांचा आहे, त्याला कोथरूडच्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात नेल्यापासून घरात दुसरा विषय नाही. टू बीएचके आहे, पलंगाखाली जागा आहे. सुरुवात कशी करायची? इंजिन कुठलं आणायचं ते कृपया आधी सांगू नका, आधी काय शिकायचं ते सांगा.

---

बार्शीकर_डर्बीत

मनूताई, तुम्ही अर्धी लढाई जिंकलात. सगळे इंजिन आधी आणतात आणि मग ते सतरंजीवर गोल फिरवून कंटाळतात.

एक घर करायला लावा. पुठ्ठ्याचं, १:७६. दार साडेसहा फुटी म्हणजे २६ मिलिमीटर, माणूस साडेपाच फुटी म्हणजे २२. एवढं एक घर झालं की प्रमाण डोक्यात बसतं, पुढे मोजपट्टी हातात घ्यावी लागत नाही. घर आपल्या वाड्याचं केलं तरी चालेल.

मग फळी. पलंगाखालीच ठेवायची तर उंची आधी मोजा. ६ मिलिमीटरचा प्लाय, खाली उभ्या पट्ट्यांची चौकट, नाहीतर पावसाळ्यात पापडासारखा वाकतो. रूळ बसवले की खडी. बारीक खडी कोरडी टाका, मऊ ब्रशने स्लीपरच्या (रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांच्या) मधे सारा, मग पांढरा गोंद पाण्यात निम्मा करून त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, आणि ड्रॉपरने सोडा. तो थेंब विसरलात तर गोंदाचे गोळे होऊन खडीवर तरंगतात, मी विसरलो होतो. सांध्याच्या (जिथे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते) हलत्या पात्यांपाशी गोंद अजिबात जाऊ देऊ नका. माझा पहिला सांधा अजून कायमचा डावीकडेच आहे.

इंजिन सगळ्यात शेवटी. आणि एवढ्या लहान गाडीत बिघाड झाला तर दहापैकी नऊ वेळा चाकं आणि रूळ मळलेले असतात, मोटारीला दोष देऊ नका.

---

टपावरची_वारी

ऑक्सफर्डशायरमधल्या लाँग विटनहॅमला पेंडन म्युझियम आहे, जमलं तर जरूर बघा. रॉय इंग्लंड नावाचा ऑस्ट्रेलियन माणूस १९२५ मध्ये इंग्लंडात आला, आणि गवती छपरांची घरं भराभर पाडली जाताहेत हे बघून ती घरं १:७६ मध्ये उतरवायला बसला. खोऱ्यातलं अख्खं शिवार आहे, परसात भाज्यांचे वाफेसुद्धा. गाडी धावते, पण मी अर्धा तास एका परसाकडेच बघत होते. जॉन अहर्नची मॅडर व्हॅली ही जुनी मॉडेल-लाईनही तिथेच जपून ठेवलीय.

अवांतर: बार्शीकर, इंजिन कशावर बांधलंत? फोटोत धुराडं जरा तिरकं दिसतंय.

---

बार्शीकर_डर्बीत

डोळे आहेत की भिंग! हो, तिरकं आहे.

इंजिन पितळी पत्र्याच्या किटमधून. पत्र्यावर आधीच आकार कोरलेले असतात, ते सुटे करायचे, घडी घालायचे, डाग देऊन जोडायचे. किट ज्याच्याकडून घेतलं त्याने एक बाजूचा पत्रा दोनदा आणि दुसऱ्या बाजूचा एकदाही पाठवला नाही. चार पत्रं लिहिली, उत्तर नाही. शेवटी डबल आलेल्या पत्र्यावरूनच आरसा-आकृती काढून दुसरी बाजू कापली. जवळून बघू नका.

धुराडं पांढऱ्या धातूचं, ओतीव. पितळाचा डाग ज्या तापाला बसतो त्याला हा धातू लोण्यासारखा विरघळतो. त्यासाठी सत्तर अंशांना वितळणारं वेगळं कथील मिळतं. मला हे माहीत होतं. तरी रात्री साडेअकरा वाजता, फक्त एवढंच लावून झोपतो म्हणत, डाग द्यायची गरम इस्त्री तशीच टेकवली. धुराडं माझ्या डोळ्यांदेखत मान टाकून बसलं. तेच चिमट्याने सरळ केलं ते हे. नवीन मागवलंय, पण या तिरक्याची सवय झालीय.

पण खरा दणका धुराड्याने दिला नाही, बोगद्याने दिला. कमान मी डब्याच्या उंचीने कापली, वर थोडी हवा सोडली, दगड कोरले, शेवाळ लावलं, आठ रात्री गेल्या. मग वाघीण वाहणारी चौकट लावून पहिली मालगाडी सोडली आणि वरची मोठी वाघीण कमानीला थडकून सगळं नदीत. खांद्यावर मूल बसवून देवळाच्या दारात शिरावं तसं झालं. दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन पुन्हा स्वेन्सलीला गेलो. आणि तेव्हा कळलं की हा बोगदा एका छोट्या लाईनीच्या मानाने इतका ढेंगभर उंच का आहे. मी चार वेळा त्यातून गेलोय, आता मोटारीही जातात त्यातून, आणि एकदाही मनात आलं नव्हतं. खांद्यावरची मोठी वाघीण त्यातून पार व्हायची होती. कॅल्थ्रॉपने आधी विचार केला, मी आठ रात्रींनंतर.

कमान पुन्हा केली. आधीची मनूताईंच्या मुलाला हवी असेल तर पाठवतो.

---

पेठेतली_मनू

पाठवा! घर सुरू झालंय. दाराला २६ ऐवजी ६२ मिलिमीटर घेतले होते, आता ते देऊळ आहे.

---

खडूस_मोजपट्टी

चौकट उलटते का अजून? ९ च्या रुळावर १६.५ ची वाघीण म्हणजे डोकं जड.

---

बार्शीकर_डर्बीत

उलटायची, सांध्यावर हमखास. उपाय साधा निघाला. वरची वाघीण पातळ प्लास्टिकची, आतून पूर्ण पोकळ, वजन काही नाही. चौकटीच्या पोटात मात्र जिथे जिथे शिरली तिथे शिशाची पट्टी. आणि चौकटीच्या एका टोकाची चाकं ताठ न बसवता किंचित डुलती ठेवली, म्हणजे रूळ कुठे वरखाली असला तरी सगळी चाकं टेकतात. काल रात्री सलग वीस फेऱ्या, एकदाही पडली नाही. व्हिडिओ चढवलाय.

---

ऊस_आणि_इतर

व्हिडिओ झकास. आम्रखंडाचं श्रीखंड झालेलं दिसतंय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

---

सांधेवाला

व्हिडिओ बघितला, नातवाने मोठ्या पडद्यावर लावून दिला. वाघीण उतरवतोस ते तीनदा बघितलं. कुर्डुवाडीत हे असतं तर माझ्या वडिलांची कंबर शाबूत राहिली असती.

एक सांगतो, राग मानू नकोस. तुझी गाडी फार पळते. छोटी लाईन अशी पळत नाही रे. डेअरीपाशी आली काय, गेली काय. ताशी पंधरा मैल धर, तेही सरळ असेल तिथे. खडूसरावांना विचार, त्याचं तुझ्या फळीवर किती होतं.

---

खडूस_मोजपट्टी

सेकंदाला पावणेनऊ सेंटीमीटर. १२० ची फळी पार करायला जवळजवळ चौदा सेकंद.

---

सांधेवाला

चौदा. घड्याळ लाव. आणि डेअरीपाशी दूध चढेपर्यंत थांब, लगेच शिट्टी मारू नकोस.